संस्था खोटी, वस्तू खऱ्या

२०२५ च्या भीमजयंतीला कल्याण पूर्वेतल्या एका वस्तीत पोरांनी विहाराच्या ओट्यावर दोन टेबले जोडून मांडली, वर पांढरी चादर टाकली आणि मागे फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर एका संग्रहालयाचे नाव होते. नाव इतके लांब आणि इतके सरकारी, की थेट मंत्रालयातूनच आले असावे असे कुणालाही वाटेल. त्याखाली ‘विभागीय कार्यालय’, त्याखाली वेळ आणि शेवटी ‘सोमवारी बंद’. १४ एप्रिल त्या वर्षी सोमवारीच आला होता, हे दुपारी कुणाच्या तरी लक्षात आले आणि मग त्यावर बराच वेळ हसणे झाले. पोरांनी स्टेशनजवळच्या दुकानातून रबरी शिक्काही बनवून घेतला होता. असे कोणतेही संग्रहालय अस्तित्वात नाही. नाव मी इथे देत नाही, कारण पोरांना ते पुन्हा वापरायचे आहे.

टेबलावर वस्तीतल्या घरांतून गोळा केलेल्या वस्तू होत्या. रेल्वे वर्कशॉपमधला हजेरीचा पितळी बिल्ला. एका आजीची साक्षरता वर्गातली पाटी, तिच्यावर अजून अर्धवट पुसलेले नाव. बावीस प्रतिज्ञांचे घडीवर फाटलेले पत्रक. नामांतराच्या काळातला एक फोटो, त्यात चार माणसे आहेत आणि चौघांपैकी एकालाच आता कुणी ओळखते. प्रत्येक वस्तूखाली कार्ड: वस्तू कोणती, कुणाच्या घरची, कधीची, कुणी सांगितले. आणि मधोमध एक रिकामी काशाची थाळी ठेवायची जागा, म्हणजे थाळी नाहीच, नुसता चादरीवर खडूने काढलेला गोल. कार्डावर लिहिले होते: ‘गावात आमच्यासाठी वेगळी ठेवलेली थाळी. आणता आली नाही. ती त्यांच्या घरात होती.’

विहार समितीतले एक काका, रेल्वेतून निवृत्त, चष्मा कपाळावर चढवून सगळे वाचत होते. त्यांनी पोरांना विचारले, “नोंदणी क्रमांक काय तुमचा?” पोरगा म्हणाला, “काका, अजून पडला नाही.” काका म्हणाले, “मग हे खोटं आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला खोटं कशाला?”

पोरांना उत्तर सुचले नाही. मलाही त्या क्षणी सुचले नाही. मी तिथे होते ती माझ्या नेहमीच्या कामासाठी, दाखल्यांचे अर्ज भरून द्यायला. पण काकांचा प्रश्न डोक्यात राहिला, कारण तो साधा नाही. तो कलेचा आहे, इतिहासाचा आहे आणि आपल्या समाजापुरता तर तो थेट रेशनकार्डापर्यंत येतो.

आधी हे सांगते की त्या पोरांनी जे केले, ते जगात पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे, आणि पोरांना त्यातले काहीही माहीत नव्हते. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये मार्सेल ब्रूडथार्स या बेल्जियन कवी-कलावंताने ब्रसेल्समधल्या आपल्या राहत्या घरात ‘आधुनिक कला संग्रहालय, गरुड विभाग’ सुरू केला. आत कलाकृती नव्हत्या. चित्रे ने-आण करायची रिकामी लाकडी खोकी होती आणि जुन्या चित्रांची पोस्टकार्डे. उद्घाटनाला एका खऱ्या संग्रहालयाचे संचालक येऊन भाषण करून गेले. त्याच वर्षी युरोपभर विद्यार्थी रस्त्यावर होते, ब्रसेल्समध्ये कलावंतांनी कलाभवनाचा ताबा घेतला होता आणि ब्रूडथार्स त्यात होता. १९७२ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला त्याने या विभागाचे मोठे प्रदर्शन मांडले. शेकडो वस्तू, सगळ्यांवर गरुड: शिक्क्यांवर, झेंड्यांवर, बाटल्यांवर, जुन्या मूर्तींवर. प्रत्येक वस्तूजवळ पाटी: ही कलाकृती नाही. गरुड हे युरोपातल्या राजसत्तांचे चिन्ह. एखादी वस्तू पूज्य कशी होते, भिंतीमुळे, पाटीमुळे की शिक्क्यामुळे, एवढेच तो विचारत होता.

हा युरोपातल्या कलेच्या जगाचा आपसातला प्रश्न होता आणि तेवढ्यावरच राहिला असता तर या जागी त्याची दखल घ्यायचे कारण नव्हते. पण पुढे तो प्रश्न अशा माणसांच्या हातात गेला, ज्यांना संग्रहालयात जागाच नव्हती, किंवा होती ती नमुना म्हणून.

फ्रेड विल्सन हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय कलावंत. १९९२ मध्ये बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने त्याला आपले भांडार उघडून दिले. त्याने नवीन काहीच बनवले नाही. संस्थेच्या मालकीच्या वस्तू फक्त वेगळ्या मांडल्या. चांदीची नक्षीदार भांडी एका काचपेटीत होती. त्याच पेटीत, त्याच भांड्यांच्या मधोमध, त्याने गुलामांच्या पायात घालायच्या लोखंडी बेड्या ठेवल्या आणि पाटी लावली: ‘धातुकाम, १७९३ ते १८८०’. बेड्याही त्याच संस्थेच्या होत्या. इतकी वर्षे त्या भांडारात होत्या आणि चांदी दालनात होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्याने नेपोलियनसारख्या तीन बड्या माणसांचे अर्धपुतळे ठेवले आणि शेजारी तीन रिकामे काळे चौथरे. त्यांच्यावर नावे होती हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस आणि बेंजामिन बॅनेकर यांची. तिघेही त्याच मेरीलँडचे, आणि त्यांचे पुतळे संस्थेकडे नव्हते.

मला हे वाचताना खडूचा तो गोल आठवला. एका पोराने, ज्याने अजून बारावी पूर्ण केलेली नाही, कल्याण पूर्वेत बसून तोच रिकामा चौथरा मांडला होता.

बेनिनमधून आलेला मेशाक गाबा याने १९९७ ते २००२ या काळात नेदरलँड्समध्ये राहून ‘समकालीन आफ्रिकी कलेचे संग्रहालय’ खोली खोली करत उभे केले. बारा खोल्या, एक ग्रंथालयाची, एक उपाहारगृहाची, एक दुकानाची. लग्नाचीही एक खोली होती आणि तिच्यासाठी त्याने २००० साली ॲमस्टरडॅमच्या एका संग्रहालयात खरोखरच लग्न केले. आफ्रिकेच्या आजच्या कलेला युरोपातल्या संग्रहालयांत जागा नाही, तर मी माझे काढतो, अशी त्याची भूमिका. ते संग्रहालय नंतर लंडनच्या टेटने विकत घेतले. प्रश्न विचारणाऱ्यालाच मोठी संस्था आपल्या पोटात घालून घेते, हे फक्त राजकारणात घडते असे नाही. पॅलेस्टाईनचा खलील रबाह २००३ पासून आपल्या देशाचे एक निसर्ग-इतिहास संग्रहालय चालवतो, जे कागदावर आणि प्रदर्शनांतच आहे. आणि बिरझेइटला खरे पॅलेस्टाईन संग्रहालय २०१६ मध्ये उघडले, तेव्हा इमारत तयार होती, आत मांडलेले काही नव्हते. या दोघांत खोटे कोणते म्हणायचे?

आता आपल्याकडे येऊ. भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने उघडले, १९७५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तिथे २०१४-१५ मध्ये घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांचे प्रदर्शन झाले. त्याचे नाव होते ‘सात हजार संग्रहालये: भारतीय प्रजासत्ताकासाठी एक प्रकल्प’. म्हणजे या देशात गावोगावी, लहानसहान शहरांत संग्रहालये असावीत, अशी कल्पना करून केलेले काम. नावातच ‘प्रकल्प’ आणि ‘प्रजासत्ताक’ असल्यामुळे एखाद्या सरकारी योजनेचा भास होतो, आणि तो मुद्दाम आहे. अशी योजना कुठल्याही अर्थसंकल्पात नाही. अस्तित्वात नसलेली संस्था दाखवून तिचे नसणे दाखवायचे, ही तीच जुनी युक्ती, आणि महाराष्ट्रातले या विषयाचे सर्वात जवळचे उदाहरण हेच आहे.

सात हजार हा आकडा मला आवडतो. पण त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने एक गोष्ट कुणी फार बोलले नाही. ज्या इमारतीत ते झाले, तिथे कायमच्या मांडणीत मातीच्या लहान बाहुल्या आहेत: कुठल्या जातीचा, कुठल्या धंद्याचा माणूस कसा दिसतो, काय नेसतो, डोक्यावर काय बांधतो. ब्रिटिश काळात बनवलेल्या, हातकाम अत्यंत सुंदर. एम.ए.ला असताना आम्ही एन्थोवेनचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे तीन खंड चाळले होते. १९२० ते १९२२ मध्ये छापलेले. बाहुल्या पाहताना वाटते की तेच खंड कुणी मातीत वळले आहेत. या पेटीत माणसाला जात असते, पोशाख असतो, हत्यार असते. नाव नसते. तो कुणाच्या वाड्यावर राबतो आणि त्याबदल्यात त्याला काय मिळते, हे पाटीवर येत नाही. सगळ्या बाहुल्या एकाच उंचीच्या आणि शेजारी शेजारी उभ्या, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की जात म्हणजे पगड्यांचे प्रकार. जातीच्या पायऱ्या काचेच्या पेटीत सपाट होऊन जातात. सात हजार संग्रहालये उभी राहिली आणि प्रत्येकात अशी एक पेटी आली, तर आपल्याला त्यातून काय मिळणार आहे?

म्हणून संख्येचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. धारावीत २०१६ मध्ये एक फिरते ‘डिझाइन म्युझियम’ निघाले होते, हातगाडीवर. होर्हे मान्येस रुबिओ आणि अमांडा पिनाति या युरोपातून आलेल्या दोघांनी स्थानिकांना घेऊन ते केले. धारावीत घडणाऱ्या वस्तूच त्यावर मांडल्या. कल्पना चांगली होती, धारावीकडे कचरा म्हणून पाहणाऱ्यांना तिथले हातकौशल्य दिसले. पण कौशल्य दाखवताना ते कौशल्य त्याच हातांत पिढ्यान्‌पिढ्या का अडकले, हे सांगायची जबाबदारी कुणावर येते? चामडे कमावणाऱ्याच्या कलेचे कौतुक करायला हरकत नाही, पण कार्डावर दुसरी ओळ हवी. ती ओळ बाहेरून आलेला माणूस लिहीत नाही. त्याला ती ठाऊक नसते म्हणून, किंवा ती लिहिली तर गाडीला उद्घाटक मिळत नाही म्हणून.

ती ओळ लिहिणारे कलावंत आपल्यात आहेत आणि आपल्या तरुणांना त्यांची नावे ठाऊक असायला हवीत. प्रभाकर कांबळे यांनी उतरंड हीच प्रतिमा घेऊन काम केले आहे. आईच्या घरातली मडक्यांची उतरंड आणि जातीची उतरंड, दोन्ही एकाच शब्दात, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी दलित आत्मकथनांत येणाऱ्या अन्नाच्या उल्लेखांतून पाककृती लिहून काढल्या. आत्मकथनातल्या भुकेला पाककृतीच्या पुस्तकाचा साचा दिला की वाचणाऱ्याचा घास अडकतो. विक्रोळीत वाढलेले विक्रांत भिसे चळवळीचा इतिहासच कॅनव्हासवर आणतात. यांपैकी कुणीही ‘संग्रहालय’ असा बोर्ड लावलेला नाही. पण संग्रहालयाने जे ठेवायला हवे होते, ते यांच्या कामात येऊन बसले आहे.

संग्रहालय आणि बौद्ध यांचे नाते जुन्या ठाणे जिल्ह्यात नवे नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्यात ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. हे भगवानलाल म्हणजे वर ज्यांचे नाव आले त्या भाऊ दाजींचेच सहकारी. टेकाडाच्या पोटात दगडी पेटी निघाली, पेटीत तांब्याचा करंडक, करंडकाभोवती आठ लहान मूर्ती, सात बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची. तांब्याच्या आत चांदी, मग दगड, मग स्फटिक, मग सोने, आणि सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या जपल्या होत्या. सोन्याच्या आत माती ठेवणारी ती माणसे कोण होती, त्यांना कशाची किंमत होती, यावर मी एखादा आठवडा बोलू शकेन. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. त्याच वर्षी सोपाऱ्याला सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आठवा लेख कशाबद्दल आहे, पाहा: पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या सहलींना जात, अशोक संबोधीच्या स्थळी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. यात्रेविषयीचा दगड आपल्या जागेवरून उठून काचेमागे जाऊन बसला.

इंग्रजांच्या काळात हे दगड उचलून नेले नसते तर ते वाचले असते का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा लागेल. बहुधा नसते वाचले. सोपाऱ्याच्या आजूबाजूला कुणाच्या पायरीला, कुणाच्या विहिरीला कोणते दगड लागले असतील, सांगता येत नाही. संग्रहालयांनी वाचवले, हे मान्य करायला आपल्याला कमीपणा नाही. पण वाचवणे आणि मालकी सांगणे या दोन गोष्टी आहेत. प्राचीन कल्याणच्या माणसांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिल्याचे लेख कोरलेले आहेत. आजच्या कल्याणातल्या बौद्ध मुलाला शाळेत ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते. त्याला आपला इतिहास १९५६ ला सुरू होतो असे वाटते आणि समोरच्याला तर तो आरक्षणापासून सुरू होतो असे वाटते.

२०२५ च्या मे महिन्यात हा मालकीचा प्रश्न हाँगकाँगच्या लिलावात उभा राहिला. पिप्रहवा, उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यातले. तिथल्या स्तूपात १८९८ मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज इस्टेट-व्यवस्थापकाला धातूंसोबत शेकडो रत्ने मिळाली. बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली, अस्थिधातू सयामच्या राजाला दिले गेले आणि रत्नांचा एक हिस्सा पेपेच्या घराण्यात राहिला. सोदबीज कंपनी ७ मे २०२५ ला तो लिलावात काढणार होती. जगभरातल्या बौद्धांनी आणि अभ्यासकांनी आवाज उठवला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस पाठवली, लिलाव थांबला. ३० जुलैला ३४९ रत्ने भारतात परत आली, गोदरेज उद्योगसमूहाने ती मिळवली. आनंदाची गोष्ट आहे आणि आपण आनंद केलाही. पण या सगळ्यात रत्ने ‘दागिने’ आहेत, ‘पुरावस्तू’ आहेत की धातूंबरोबर श्रद्धेने अर्पण केलेला, धातूंचाच भाग असलेला ठेवा आहे, हे ठरवणाऱ्या टेबलावर बौद्ध माणूस किती वेळ बसला होता? बोधगयेत १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू आणि उपासक बसले, तेही याच प्रश्नावर. १९४९ च्या कायद्याने महाविहाराची किल्ली कुणाकडे, एवढाच तो प्रश्न.

इथपर्यंत सगळे पोरांच्या बाजूचे झाले. आता काकांच्या बाजूने.

मी दाखल्यांचे काम करते. जातीचा दाखला काढायला येणाऱ्या घराला सरकार काय विचारते? १० ऑगस्ट १९५० पूर्वी तुम्ही इथले होता, याचा पुरावा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. आजोबा शाळेत गेले नसतील तर पणजोबांची कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, मग वंशावळ, मग शपथपत्र. ज्या समाजाला शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवले, त्याच समाजाकडून शाळेचा कागद मागितला जातो. एकाच घरात एका भावाच्या दाखल्यावर ‘महार’, दुसऱ्याच्या ‘बौद्ध’, आणि तिसऱ्याच्या ‘हिंदू’ शब्दावर काट मारून वर काहीतरी लिहिलेले. मग ती काट कुणी मारली, सही कुणाची, यावर पोरीचे इंजिनिअरिंगचे एक वर्ष जाते. तालुक्याच्या कार्यालयाने आपल्या प्रत्येक घराला दप्तरखाना बनवले आहे. आपल्या बायका तांदळाच्या डब्याखाली कागद जपतात, ते हौसेने नाही.

अशा समाजात कुणी खोटा शिक्का बनवला तर म्हाताऱ्या माणसाच्या पोटात गोळा येणारच. शिक्का ही आपल्यासाठी गंमत नाही. आणि आणखी एक. लेबनॉनच्या यादवी युद्धावर वालिद राद या कलावंताने ‘ॲटलस ग्रुप’ नावाची काल्पनिक संस्था काढली. १९८९ ते २००४ या काळातला तिचा दस्तऐवज आहे, त्यात काल्पनिक इतिहासकाराच्या वह्या आहेत, बनवलेल्या नोंदी आहेत. युद्धात नक्की काय झाले हे सांगणारा एकच अधिकृत इतिहास नसतो, हे त्याला दाखवायचे होते. काम प्रभावी आहे, मी नाकारत नाही. पण ते आपल्याला परवडणारे नाही. आपल्यावरच्या अत्याचाराची प्रत्येक नोंद आधीच ‘बनाव’ म्हणून फेटाळली जाते. ॲट्रॉसिटीच्या प्रत्येक गुन्ह्यात समोरचा पहिला शब्द ‘खोटी केस’ हाच वापरतो. आपण एक जरी कागद कल्पनेने बनवला, मग तो कलेसाठी का असेना, तर आपले शंभर खरे कागद त्याच्या सावलीत जातात. एखाद्या कलासमीक्षकाला हे संकुचित वाटेल. वाटू दे. त्याला पडताळणी समितीपुढे उभे राहायचे नसते.

म्हणून मला वाटते, रेषा इथे ओढावी: संस्था कल्पनेतली चालेल, वस्तू आणि तिची हकिगत मात्र खरीच हवी. नाव, बोर्ड, ‘विभागीय कार्यालय’, ‘सोमवारी बंद’, या सगळ्याची थट्टा करा. कारण ती थट्टा अधिकाराची आहे. इतकी वर्षे ज्यांच्याकडे बोर्ड होता त्यांनी ठरवले की जपण्याजोगे काय. पण कार्डावरचा शब्द न्‌ शब्द तपासलेला हवा, कुणी सांगितले ते लिहिलेले हवे, आणि ठाऊक नसेल तिथे खडूचा गोल हवा. विल्सनच्या बेड्या खऱ्या होत्या म्हणून चांदीचा रंग उडाला. नकली बेड्या ठेवल्या असत्या तर लोक म्हणाले असते, कलावंत भडक आहे. शिक्काही मग कागदावर मारू नये, फक्त पोरांच्या स्वतःच्या कार्डावर मारावा. हे मी त्यांना सांगितले, त्यांना पटलेही. किती दिवस पटलेले राहते ते बघायचे.

आपल्याकडे खरी संग्रहालये नाहीत असे नाही. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसचे बाबासाहेबांचे संग्रहालय आहे, माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू तिथे आहेत. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवन आहे. लंडनचे घर राज्य सरकारने २०१५ मध्ये घेतले. इंदू मिलचे स्मारक होते आहे, त्याच्या पुतळ्याच्या उंचीची चर्चा भरपूर झाली आहे. हे सगळे हवेच. पण ही सगळी संग्रहालये एका माणसाची आहेत. त्याच्या मागे दीक्षाभूमीवर जी लाखो माणसे उभी होती, ती कोणत्या गाडीने गेली, काय बांधून घेतले, परत आल्यावर देव्हाऱ्यातले टाक कुठल्या विहिरीत टाकले, कुणाच्या घरात त्यावरून भांडण झाले, याचे संग्रहालय कुठे आहे? ते घराघरांत आहे, पत्र्याच्या पेटीत, आणि पेट्या आता जाऊ लागल्या आहेत.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. ठाण्यात क्लस्टर योजनेत जुन्या चाळी आणि इमारती रिकाम्या होत आहेत, कल्याण-डोंबिवलीत धोकादायक इमारतींच्या नोटिसा दर पावसाळ्याआधी लागतात. माणसे दहा बाय बाराच्या खोलीतून संक्रमण शिबिरात जातात, तेव्हा टेम्पोत टीव्ही जातो, फ्रिज जातो, गॅस जातो. माळ्यावरची पेटी भंगारवाल्याकडे जाते. गेल्या पावसाळ्यापूर्वी ठाण्यात एका घरी मी फॉर्म भरायला गेले होते. ताई म्हणाल्या, वडिलांची समता सैनिक दलाची टोपी होती, कालच बोहारणीच्या गाठोड्यात गेली. बदल्यात स्टीलचा डबा मिळाला. डबा चांगला होता. त्यांना दोष द्यायचा कसा? त्या टोपीला किंमत आहे असे त्यांना आजवर कुणी सांगितले होते? शाळेच्या सहलीत त्यांना जे संग्रहालय दाखवले, तिथे तलवारी होत्या, पैठण्या होत्या, हस्तिदंती सोंगट्या होत्या. टोपी नव्हती. माणूस तेच जपतो, जे जपलेले त्याने पाहिलेले असते.

काकांचे आणि पोरांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. भीमजयंतीच्या रात्री टेबले आवरताना काका परत आले, हातात रुमालात बांधलेले काहीतरी घेऊन. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात निलंबनाची चिठ्ठी आली होती, ती त्यांनी लॅमिनेट करून ठेवली होती. ती टेबलावर ठेवायला द्यायला तयार होते, पण पावती हवी होती. पोराने कार्ड लिहिले: कागद, मूळ, एक, कुणाकडून, कधी परत करायचा. काकांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, शिक्का मार. पोराने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. त्याने शिक्का मारला, कार्डावर.

आता वस्तू एकतीस झाल्या आहेत. विहारातले एक लोखंडी कपाट द्यायला समिती तयार आहे, खालचा कप्पा. कपाटाची किल्ली समितीकडे राहणार की पोरांकडे, यावर दोन बैठका झाल्या आणि तिसरी येत्या रविवारी आहे.